जाळीचे दार आणि त्याचा कर्ण

दाराचा इतिहास लिहू पाहणारास वाड्यांच्या दिंड्या, गणेशपट्ट्या, अडसर, कडीकोयंडे अशी सामग्री मुबलक सापडते. परंतु मुख्य दारापुढे निमूटपणे उभे असलेले जाळीचे दार कोणाच्या खिजगणतीत नसते. त्याचे वय लहान आणि कुळही फारसे थोर नव्हे. अमेरिकेतील १८६१ च्या यादवी युद्धात दक्षिणेची बाजारपेठ तुटली, तेव्हा चाळण्यांसाठी तारेचे कापड विणणाऱ्या कारखानदारांनी तेच कापड खिडक्यांसाठी विकावयास आरंभ केला, असे सांगतात. म्हणजे हे दार चाळणीचे भावंडच! डास हा त्या काळी केवळ उपद्रवी जीव समजला जाई. हिवताप येतो तो दलदलीच्या दुष्ट हवेने, अशी जाणत्यांचीही समजूत होती. आणि हवेला जाळी काय अडवणार?

ही समजूत मोडली ती आपल्याच देशात. १८८१ साली मद्रास इलाख्यात नोकरीस लागलेल्या रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले. पुढे १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांच्या योजनेप्रमाणे सांबोन व लो हे डॉक्टर रोमजवळच्या ओस्तिया येथील दलदलीत जाळी लावलेल्या झोपडीत जाऊन राहिले. दिवसा बाहेर हिंडावे, सूर्यास्तापूर्वी आत यावे, क्विनाइनला शिवू नये, हा त्यांचा नेम. भोवतालची माणसे तापाने फणफणत असता हे मात्र ठणठणीत राहिले. चाळणीचे भावंड वैद्याचे उपकरण झाले ते तेव्हापासून.

आम्हां मैलापूरकरांना या कथेत आणखी एक धागा सापडतो. शहरी हिवताप पसरवणाऱ्या स्टीफन्सी जातीच्या डासाचे पहिले वर्णन लिस्टन यांनी १९०१ साली प्रसिद्ध केले. त्यांनी डासांचा अभ्यास केला तो वऱ्हाडातील एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास. मुंबईच्या विहिरींत हाच डास वाढतो, हे बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने दाखवले. चेन्नईच्या घरोघरच्या विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्या हेही त्याचे आवडते माहेर. वऱ्हाडातून बदलून येथे आलेल्या गृहस्थाने हा डास परका मानू नये.

१९५३ साली डीडीटीची राष्ट्रीय मोहीम निघाली. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्ण लाखभरावर आले, तेव्हा जाळीची आता गरज काय, असे वाटणे स्वाभाविक होते. १९७६ साली तोच आकडा ६४ लाखांवर गेला!

अशा या दाराचा वैरी मात्र डास नव्हे, त्याचे स्वतःचे वजन. मुख्य दाराला भरीव फळ्यांचा आधार असतो; जाळीचे दार म्हणजे चार बारीक पट्ट्या आणि मध्ये पोकळी. समुद्राकाठच्या दमट हवेत लाकूड फुगते, आटते, मळसूत्रे गंजतात, कोपऱ्यांतील कुसू खोबणीत सैल होतात. मग बिजागरीची बाजू जागच्या जागी राहते, कडीची बाजू खाली येते. काटकोन चौकोनाचा तिरका चौकोन होतो. दार उंबरठ्यावर घासते आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते.

यावर सर्वत्र होणारा उपाय म्हणजे खालून रंधा मारणे. आमच्या मते यासारखा दुसरा अपाय नाही. दार लांब झालेले नसते, वाकडे झालेले असते. रंधा मारला की घासणे थांबते, झोल तसाच राहतो. आणि पुढे कोणी दार सरळ केलेच तर खाली बोटभर फट कायमची उरते. ओस्तियाच्या झोपडीला तेवढी फट असती तर?

गेल्या ऐप्पसी महिन्याच्या पावसानंतर आमच्या भाड्याच्या घरी आसारी आले. (आपल्याकडे आचारी पंक्तीला वाढतो, येथील आसारी रंधा-करवत घेऊन येतो. आसारीचे मूळ ‘आचार्य’.) त्यांनीही प्रथम रंधाच काढला. आम्ही दोरीने दाराचे दोन्ही कर्ण मोजून पाहू, असे सुचवताच ते हसले. हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. घरवाले रंधाच मागतात आणि तेवढ्याचेच पैसे देतात, असे त्यांनी सांगितले. शुल्बसूत्रांतील ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच. वेदीचा काटकोन साधणाऱ्या आपल्या पूर्वजांचे साधन आमच्या व्हरांड्यातही पुरेसे ठरले.

दार उतरवून आडवे ठेवले. कर्णांत पाऊण इंचाचा फरक निघाला. कोपरे उकलून, सरस भरून, दोन्ही कर्ण सारखे होईतो चौकट दाबून धरली आणि रात्रभर तशीच ठेवली. मग बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यापासून कडीकडील वरच्या कोपऱ्यापर्यंत सागाची तिरकी पट्टी बसवली. दिशा महत्त्वाची. लाकडी पट्टी दाब सोसते, म्हणून तिने खालून टेकू द्यावा. तार लावायची तर ती उलट, बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यातून कडीच्या खालच्या कोपऱ्यास. कारण तार केवळ ओढ सोसते. गंजलेली मळसूत्रे जाऊन पितळेची आली.

दुसऱ्या दिवशी दार टांगले, तेव्हा उंबरठ्यावर धान्याच्या दाण्याएवढे अंतर राहिले होते. आसारींनी तेथे रबराची पट्टी ठोकली, रंधा पिशवीत टाकला आणि ठरलेल्याहून दहा रुपये कमीच मागितले.