अभ्यासक्रमाआधीचा व्यवसाय : शिगेरू मियामोतो यांची जडणघडण

कोणत्याही व्यवसायाच्या इतिहासात व्यवसाय आधी की त्याचे शिक्षण आधी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. व्हिडिओ गेमच्या रचनाकाराबाबत त्याचे उत्तर स्पष्ट आहे : व्यवसाय आधी सिद्ध झाला, अभ्यासक्रम मागाहून आले. या क्रमाचा अर्थ उलगडण्यासाठी जपानमधील शिगेरू मियामोतो यांची कारकीर्द उपयुक्त ठरते.

मियामोतो यांचा जन्म १९५२ साली क्योतो प्रांतातील सोनोबे येथे झाला. कानाझावा येथील कलामहाविद्यालयात त्यांनी औद्योगिक अभिकल्पाचे शिक्षण घेतले. वडिलांच्या ओळखीतून त्यांना निन्तेन्दो कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांची भेट मिळाली आणि १९७७ साली ते तेथे रुजू झाले. १८८९ मध्ये क्योतो येथे हानाफुदा पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झालेली ही कंपनी एव्हाना खेळण्यांकडून इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळली होती. मियामोतो यांची नेमणूक मात्र चित्रकार म्हणून होती. ‘खेळाचा रचनाकार’ असे स्वतंत्र पद तेव्हा रूढ झालेले नव्हते.

पुढील वळण एका व्यापारी अपयशातून आले. ‘रडार स्कोप’ या खेळाची सुमारे ३,००० यंत्रे अमेरिकेत पाठवली गेली. त्यांपैकी सुमारे २,००० विक्रीवाचून पडून राहिली. याच यंत्रांसाठी नवा खेळ योजण्याचे काम मियामोतो यांच्याकडे आले आणि १९८१ साली ‘डाँकी काँग’ अवतरला. देखरेख गुनपेई योकोई यांची होती. दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिकीचे शिक्षण घेतलेले योकोई १९६५ साली या कंपनीत आले, ते पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी. आज्ञावली-लेखनाचे काम इकेगामी त्सुशिन्की या बाहेरच्या कंपनीने केले. म्हणजे या कृतीचे श्रेय एकट्या व्यक्तीला देणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते.

मियामोतो यांचा वाटा कोणता, हे नायकाच्या रूपावरून दिसते. पडद्यावरील मोजक्या ठिपक्यांत केस रेखाटणे कठीण, म्हणून टोपी. नाक उठून दिसावे, म्हणून मिशी. हातांची हालचाल कळावी, म्हणून विजारीचा आणि सदऱ्याचा रंग वेगळा. साधनाची मर्यादा ओळखून वापरणाऱ्याच्या दृष्टीला सोयीचा आकार देणे, हे औद्योगिक अभिकल्पाचे मूलसूत्र येथे दिसते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) व ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ (१९८६) यांतून ही दृष्टी अधिक विस्तारली.

शिक्षणसंस्था यानंतर पुढे आल्या. १९८८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे सुरू झालेल्या डिजिपेन या संस्थेने निन्तेन्दोच्या अमेरिकी शाखेच्या सहकार्याने १९९४ साली खेळांच्या आज्ञावली-लेखनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. भारतातही राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या बंगळूरु केंद्रात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण उपलब्ध झाले.

पदवीमुळे व्यवसायाला प्रतिष्ठा लाभते आणि ओळखीपाळखीवाचून प्रवेशाची एक वाट खुली होते, हा लाभ लहान नव्हे. मियामोतो यांना ती वाट वडिलांच्या परिचयातून मिळाली होती. परंतु अभ्यासक्रम केवळ प्रचलित संगणकप्रणाली शिकवण्यापुरता राहिला, तर प्रणालीबरोबर तोही कालबाह्य होईल. ‘डाँकी काँग’ची यंत्रे केव्हाच मागे पडली; कानाझावा येथे शिकलेली दृष्टी मात्र पुढच्या प्रत्येक यंत्रावर उपयोगी पडली. नव्या अभ्यासक्रमांचे मूल्यमापन करताना हाच निकष लावणे इष्ट होय.