शेषाद्री, रेव्ह. नारायण

(मृत्यू 1891). मराठी ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या पिढीतील धर्मोपदेशक व जालन्याजवळच्या बेथेल वसाहतीचे संस्थापक. जन्म ब्राह्मण घराण्यात. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना त्यांनी 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच संस्थेत अध्यापन केले. 1854 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

मराठी ब्राह्मणांत ते अगदी पहिले नव्हेत. अहमदनगरचे हरी रामचंद्र खिस्ती 1839 मध्येच ख्रिस्ती झाले होते. तरीही पहिलेपणाची किंमत काय असते, ते शेषाद्रींच्या घरात जितके उघड दिसले तितके क्वचितच कुठे दिसले असेल. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी फिर्याद केली आणि कोर्टाने अल्पवयीन म्हणून मुलगा त्यांच्या हवाली केला. पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवला होता, त्यामुळे कोर्टाने घरी धाडलेल्या मुलाला जात घरात घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घेण्याचा पक्ष उचलला, तर सनातन्यांनी त्यांनाही धारेवर धरले. थोरल्याने विचारपूर्वक टाकलेल्या पावलाचा भार असा धाकट्यावर आला. मिशनच्या गौरवपर चरित्रांत ही बाजू सहसा ओझरती येते.

शेषाद्रींचे मुख्य कार्य मात्र मुंबईबाहेरचे. 1860 च्या दशकात ते निजामाच्या राज्यातील जालना छावणीत गेले आणि आसपासच्या खेड्यांतील मांग व महार कुटुंबांत राबले. दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी नवख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव वसवले. याकोबाच्या कथेतील नाव घेऊन त्याला बेथेल म्हटले. ज्या वस्तीची सावलीही घरच्यांनी टाळली असती, तिथे त्यांनी उरलेली हयात घालवली. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत हे पागोटेधारी पाळक बोलले. अमेरिकनांना पागोट्याचेच कौतुक अधिक वाटले असावे.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी स्तेफनाच्या घराण्याला अखयातील प्रथमफळ म्हटले आहे आणि लगोलग त्यांनी पवित्र जनांच्या सेवेला वाहून घेतल्याचे सांगितले आहे. आधी येण्याचा मान तिथे सेवेशी जोडलेला आहे. या कसोटीला शेषाद्री उतरतात. 1854 मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी मुंबईच्या याच मिशनचे विद्यार्थी. त्यांचा वारसा ‘अरुणोदय’ (1888) सारख्या पुस्तकांतून टिकला, शेषाद्रींचा माणसांतून.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या दृष्टीनेही शेषाद्रींचे हे काम महत्त्वाचे. त्या भागातील कमलनगर आज कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात असले, तरी 1948 पर्यंत ते आणि जालना एकाच निजामी राज्यात होते. उदगीर, निलंगा हे तालुकेही 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. बिदरकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्टांचे काम सुरू झाले. त्यांचे मिशन वेगळे, पण तेही मुख्यतः दलित वस्त्यांतूनच वाढले आणि तो मार्ग निजामी मुलखात एका मराठी माणसाने त्याआधीच चोखाळला होता. सीमाभागातील चर्चचा इतिहास लिहिणाऱ्याने परदेशी मिशनऱ्यांच्या यादीआधी हे नाव घ्यावे.