गणपूर्ती मोडणारे शेवाळ

सिडनी विमानतळाच्या दोन धावपट्ट्या ज्या पाण्यात शिरल्या आहेत, ते बॉटनी बेचे पाणी. १७७० साली कॅप्टन कुकबरोबर आलेल्या बँक्स व सोलँडर यांनी इथे इतक्या वनस्पती गोळा केल्या, की उपसागराला वनस्पतीशास्त्राचेच नाव पडले. मात्र इथल्याच खडकांवरच्या 'डेलिसिया पुल्क्रा' या लाल शेवाळाचे गुपित कळायला पुढे सव्वादोनशे वर्षे जावी लागली.

त्या गुपिताची सुरुवात मात्र हार्वर्डमध्ये झाली. १९७० साली नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी समुद्रातल्या प्रकाशणाऱ्या जीवाणूंबद्दल एक नवल नोंदवले. जीवाणू थोडे असतील तर अंधार. संख्या पुरेशी वाढली की सगळे एकदम उजळतात. प्रत्येक जीवाणू एक रसायन बाहेर सोडतो आणि त्याचे प्रमाण वाढले, की आपण पुरेसे जमलो हे सर्वांना कळते. १९८१ साली ते रसायन ओळखले गेले. १९९४ साली या प्रकाराला 'कोरम सेन्सिंग' हे नाव मिळाले. वाचकहो, मंडळाच्या वार्षिक सभेत गणपूर्तीसाठी डोकी मोजणाऱ्या आपल्या चिटणीसांना ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको!

पण जीवाणूंची सभा भरली की आपल्याला ती महागात पडते. संख्या पुरी झाल्यावर अनेक रोगजंतू विष सोडू लागतात. शिवाय ते चिकट थर रचून त्यात दडतात, हीच बायोफिल्म. दातांवरचे कीटण हे तिचे घरगुती उदाहरण. बदललेल्या गुडघ्यावर किंवा मूत्रनलिकेत असा थर बसला, तर आतल्या जंतूंना मारायला कधीकधी हजारपट औषधही अपुरे पडते. आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांचे गुडघे बदललेले आहेत, म्हणून हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही.

समुद्रात बुडालेल्या कोणत्याही वस्तूवर थोड्याच दिवसांत बुळबुळीत थर चढतो. हे शेवाळ मात्र बरेचसे स्वच्छ राहते. का? न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शेलबर्ग, स्टाइनबर्ग आणि द नीस यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. शेवाळाच्या पृष्ठभागावर फ्युरेनोन नावाची ब्रोमीनयुक्त द्रव्ये सापडली. १९९६ साली डेन्मार्कच्या गिव्हस्कॉव्ह यांच्यासह त्यांनी दाखवले, की ही द्रव्ये जीवाणूंच्या निरोपासारखी दिसतात आणि तो निरोप पोहोचू देत नाहीत. जीवाणू मरत नाहीत. त्यांना गणपूर्ती झाल्याचे कळतच नाही.

मग औषध का झाले नाही? ही द्रव्ये प्राण्यांच्या पेशींनाही विषारी ठरतात. शास्त्रज्ञ मग स्वयंपाकघराकडे वळले. २००५ साली डेन्मार्कमध्ये लसणाच्या अर्काने उंदरांच्या फुप्फुसांतील संसर्ग लवकर आटोक्यात आला; २०१२ साली त्यातील अजोईन हा घटक वेगळा ओळखला गेला. पण २०१० साली ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या २६ रुग्णांवर केलेल्या छोट्या चाचणीत लसणाचा ठोस फायदा दिसला नाही. जीवाणू न मरल्यामुळे प्रतिकारही निर्माण होणार नाही, ही आशाही २०१२ च्या एका अभ्यासाने डळमळीत केली: काही जीवाणू फ्युरेनोन सरळ बाहेर फेकू लागले.

तेव्हा लसणाची चटणी जरूर खावी, पण डॉक्टरांची गोळी टाकून नव्हे. शेवाळाने दिलेला धडा मात्र खोटा ठरलेला नाही. पेनिसिलिनपासून आपण जंतूंना मारण्याचाच विचार करत आलो. त्यांची सभाच भरू न देणे हाही एक मार्ग आहे, आणि तो बॉटनी बेच्या खडकावर आपल्या कितीतरी आधीपासून चालू आहे.