मेयमंदची लोकसंख्या किती? आधी विचारा, कोणत्या महिन्यात?

गावाचा अभ्यास करायचा म्हटलं की पहिल्या प्रकरणात दोन परिच्छेद ठरलेले असतात: भूगोल आणि लोकसंख्या. बहुतेक जण ते उरकून टाकतात. पण लहान गावाच्या बाबतीत हे दोन परिच्छेद वेगळे लिहिताच येत नाहीत. कसं, ते एका इराणी गावावरून बघू.

केरमान प्रांतात शहर-ए-बाबक शहराजवळ मेयमंद हे फारसी बोलणारं छोटं गाव आहे. इराणच्या मधल्या डोंगररांगांच्या दक्षिण टोकाला, एका दरीच्या शेवटी ते वसलंय. पाऊस कमी, हिवाळा कडक. इथल्या लोकांनी मऊ खडकात घरं कोरली. 2015 मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला तो ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून. म्हणजे नुसती घरं नव्हे, तर माणसं, जनावरं आणि कुरणं यांची सगळी घडी.

ती घडी अशी: हिवाळ्यात मुक्काम दरीतल्या कोरीव घरांत. हिवाळा सरता सरता शेळ्यामेंढ्या घेऊन लोक ‘सर-ए-आगोल’ला जातात, आगोल म्हणजे मेंढवाडा. उन्हाळ्यात ‘सर-ए-बाग’, म्हणजे ओढ्याकाठच्या बागांजवळची वस्ती. थंडी पडली की पुन्हा खाली.

आता प्रश्न असा की यातलं ‘गाव’ कोणतं?

इराणमध्ये पहिली राष्ट्रीय जनगणना 1956 साली झाली. ती आबान महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास घेतली गेली. 2006 ची गणनाही आबानमध्येच झाली. शरद ऋतूतले हे दिवस नेमके हलण्याचे. त्यामुळे एखादं कुटुंब कुठल्या वस्तीत मोजलं गेलं, यावर गावाचा आकडा वर-खाली होऊ शकतो. दोन गणनांमध्ये संख्या घटली की लगेच ‘स्थलांतरामुळे गाव ओस पडलं’ असं लिहू नका. लोक शहरात गेले, की वरच्या वस्तीत होते, हे आधी तपासा. इराणी खेड्यांतून शहरांकडे ओघ आहे, यात शंका नाही. पण या गावात तो किती, हे एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही.

दुसरी अडचण शब्दाची. इराणी गणनेत खेड्यापाड्यांचं एकक आहे ‘आबादी’. हिंदीमुळे आपल्याला आबादी म्हणजे लोकसंख्या वाटते. फारसीत तो वसवलेल्या जागेसाठीचा शब्द आहे. म्हणूनच तिथल्या तक्त्यांत ‘निर्जन आबादी’ असाही प्रकार सापडतो! शिवाय अगदी मोजकीच कुटुंबं असलेल्या आबादीचे तपशील खासगीपणासाठी झाकलेले असतात. रकाना रिकामा दिसला म्हणजे तिथं माणूस नाही, असं होत नाही.

म्हणून कुठलाही आकडा उचलताना तीन गोष्टी शेजारी लिहून ठेवा: गणना कोणत्या महिन्यात झाली, ‘गावा’ची हद्द कोणी आणि कशी ठरवली, आणि एकक दर्शवणाऱ्या शब्दाचा त्या भाषेतला अर्थ काय. वरवर कारकुनी वाटेल, पण शाळा, दवाखाना, रस्ता हे सगळं अशाच आकड्यांच्या आधारे ठरतं. ‘ओस’ हा शब्द आपण प्रबंधात सहज लिहून जातो. तिथे राहणाऱ्यांना तो महागात पडू शकतो.