दोन जिवांची

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली सासू आतून आलेल्या सुनेला एवढंच विचारते, "ठोके लागले का गं?" कुणाचे ठोके, हे ती सांगत नाही आणि ते सांगायची गरजही नसते. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर हा साधारण सहावा-सातवा आठवडा. आत जे आहे ते अजून बोटाच्या पेराएवढंही नाही. तरी घराच्या बोलीत त्याला हृदय आहे, आणि ते लागलं की नाही याची काळजीही आहे.

या हृदयाची नोंद आपल्या भाषेने यंत्राच्या फार आधी केली आहे. डोहाळे हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलं आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं आणि त्याला इच्छा होऊ लागतात. आता दोन हृदयं झालेल्या या स्त्रीला म्हणूनच 'दौहृदिनी' म्हणायचं. 'दौर्हृद', म्हणजे मनाचा बिघाड किंवा मळमळ, अशीही एक व्युत्पत्ती दिली जाते आणि ती चुकीची आहे असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण परंपरेने जपली ती पहिलीच. चिंच आईला हवीशी वाटते, पण ती मागणारा दुसराच कुणी आहे, असं मानून आपण ओटी भरतो आणि झोपाळा सजवतो. सुश्रुताने सांगितलेला महिना आज बरोबर ठरत नाही. फलनानंतर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीसच ते हृदय धडधडू लागतं. चूक झाली ती उशीर मोजण्यात.

'गर्भ' या शब्दाचा संसारही पाहण्यासारखा आहे. जुन्या निरुक्तकारांनी तो धरण्याच्या, पकडण्याच्या धातूशी जोडला. आधुनिक भाषाशास्त्र त्याचं नातं ग्रीकमधल्या गर्भाशयवाचक 'डेल्फिस'शी लावतं. त्याच शब्दावरून ग्रीकांचा भाऊ 'अडेल्फोस' झाला, म्हणजे एका कुशीतला, थेट आपला सहोदर. मराठीत गर्भाचा गाभा झाला, गर्भागाराचा गाभारा झाला, गाय गाभण झाली आणि मासळीच्या पोटातली अंडी गाभोळी झाली. ज्या भाषेत देव बसतो त्या खोलीला आणि मूल वाढतं त्या जागेला एकच शब्द पुरतो, तिथे त्या जागेला रिकामी पिशवी म्हणणं अवघड जायला हवं. 'गर्भश्रीमंत' हा शब्दही घ्या. श्रीमंती पोटातूनच सुरू होते, हे बोलीने केव्हाच मान्य केलं आहे, आणि कायद्यानेही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या विसाव्या कलमानुसार बाप मेला तेव्हा जे पोटात होतं आणि पुढे जिवंत जन्मलं, त्याचा वाटा इतर भावंडांएवढाच. सातबाऱ्याच्या वाटणीत मोजलं जाणारं ते, दवाखान्याच्या कागदावर मात्र हरवतं.

ते कसं हरवतं, ते 'गर्भपात' या शब्दात दिसतं. 'पात' म्हणजे पडणं, आपोआप पडणं, जसा उल्कापात. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत निसटला तर गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात शरीर स्थिर झाल्यावर निसटला तर गर्भपात. दोन्ही दुर्दैवाची नावं, कुणाच्या कृतीची नव्हेत. शेतकरीही 'गाय गाभडली' म्हणतो, गायीने काही केलं असं म्हणत नाही. मुद्दाम पाडण्याला संस्कृतात 'गर्भपातन' असा वेगळा, करवून घेण्याचा शब्द होता. मराठीने तो वापरातून जाऊ दिला आणि 'पात' या अकर्मक शब्दाच्या आड कर्ता लपला. बोली मात्र प्रामाणिक राहिली. 'पोट पाडणं' म्हणताना पाडणारा कुणीतरी असतोच. आणि याच बोलीत सातव्या आठवड्यात आपोआप गेलं तर "बाळ गेलं" म्हणून रडतात, तर त्याच आठवड्यात मुद्दाम केलं तर "पिशवी साफ केली" म्हणतात. तपासणीला गेलेल्या बाटलीवरच्या चिठ्ठीत तर दोन्हींसाठी एकच 'प्रॉडक्ट्स ऑफ कन्सेप्शन'. आठवडा तोच, आकार तोच, ठोकेही तेच असतात. शब्द बदलतो तो आपल्याला ते हवं होतं की नव्हतं यावर.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यामागे मरणाऱ्या बायका होत्या, सुईणीच्या काड्या होत्या, हे मी विसरत नाही. बाईचा जीव जात असताना तो वाचवणाऱ्या डॉक्टरला दोष देणारी भाषा माझी नाही. पण त्या इंग्रजी कायद्यातल्या 'टर्मिनेशन'चा मराठीत 'गर्भसमाप्ती' असाही अनुवाद होऊ लागला, आणि या शब्दाशी मला भांडायचं आहे. समाप्ती पारायणाची होते, व्रताची होते, सभेची होते. जिवाची समाप्ती होत नाही, जीव जातो किंवा घेतला जातो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे २६ आठवड्यांच्या गर्भाचं प्रकरण आलं. आई दोन लेकरांची होती, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराने ग्रासलेली. तिचं दुःख खरं होतं. तपासणाऱ्या एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं की गर्भाचं हृदय आधी थांबवायचं का, कारण न थांबवता बाहेर काढलं तर ते जिवंत असेल. न्यायालयाने १६ ऑक्टोबरला परवानगी नाकारली. बाकावरची सासू ज्या ठोक्यांची वाट पाहते तेच ठोके थांबवायचे का, असा तो साध्या भाषेतला प्रश्न होता. 'समाप्ती' या शब्दाने तो कधी विचारूच दिला नसता.

एका ठिकाणी मात्र आपण 'हत्या' म्हणायला धजलो: स्त्रीभ्रूणहत्या. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या, आणि बीडमध्ये ८०७. स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी या शब्दाला हरकत घेतली. हत्या म्हटलं की कायदेशीर गर्भपात करणारी प्रत्येक बाई खुनी ठरते, म्हणून 'गर्भलिंगनिवड' म्हणा, असं त्यांचं म्हणणं होतं. तर्क अगदी चोख आहे. मुलीचा गर्भ पाडणं ही हत्या असेल तर मुलाचा पाडणं वेगळं कसं? त्यांनी या तर्कावरून 'हत्या' शब्द सोडला. मी त्याच तर्कावरून तो दोघांसाठीही ठेवतो. बाईला खुनी ठरवायला नव्हे, तिच्यावर दबाव टाकणाऱ्या नवऱ्याला, सासरला आणि पैसे घेणाऱ्याला त्या शब्दातून सुटू द्यायचं नाही म्हणून.

मराठीच्या नपुंसकलिंगाचं मोल मला इथे कळलं. ते मूल, ते बाळ, ते लेकरू, ते कोकरू, ते वासरू. जे नुकतंच आलं आहे किंवा यायचं आहे, त्याला आपण मुलगा की मुलगी हे न विचारता पूर्ण माया देतो. सोनोग्राफीच्या यंत्राने त्या 'ते'चं वेळेआधी 'ती' केलं, आणि 'ती' कळताच अनेक घरांत तिची गरज संपली. प्रत्येक केंद्रात भिंतीवर लावलेली 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी म्हणजे व्याकरणाचाच एक नियम आहे: जन्मापर्यंत 'ते' राहू द्या. तरीही जन्मलेल्या काहींची नावं नकुशी ठेवली गेली. साताऱ्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली. आणि त्याच काळात गर्भपाताच्या गोळ्यांचं एक किट दुकानात मिळत होतं, त्याचं नाव 'अनवाँटेड'. नकुशीचंच ते इंग्रजी. ते नाव बदलायला कुणी समारंभ केला नाही.

प्रयोगशाळेची भाषा याहून शांत आहे. ब्रिटनमध्ये १९८४ च्या वॉर्नॉक समितीने संशोधनाला १४ दिवसांची मर्यादा सुचवली, आणि त्या दशकात 'प्री-एम्ब्रियो' असा शब्द चालू झाला. पहिल्या पंधरवड्यात भ्रूणही नाही, भ्रूणापूर्वीचं काहीतरी. १९९० च्या कायद्याने तो शब्द घेतला नाही, साधा 'एम्ब्रियो'च ठेवला. या एका बाबतीत मला तो कायदा लिहिणाऱ्यांचं कौतुक वाटतं. आपल्याकडे टेस्ट ट्यूब बाळांच्या केंद्रांत पाचव्या दिवसाच्या भ्रूणाला 'फोर-डबल-ए' अशी श्रेणी देतात. चांगला तो 'ट्रान्सफर', उरलेला 'फ्रोझन', कमी श्रेणीचा 'डिस्कार्ड'. २०२१ च्या कायद्यानुसार गोठवलेला भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो. पुढे तो नष्ट होऊ द्यायचा किंवा आईबापांच्या संमतीने संशोधनाला द्यायचा.

माझ्या नात्यातल्या एका बहिणीला असंच एक लेकरू झालं. आता ते शाळेत जातं. केंद्राकडून दरवर्षी ठेवणावळीची पावती येते, तिच्यावर इंग्रजीत 'एम्ब्रियोज : टू' असं छापलेलं असतं. परवा ती पावती घडी करून पर्समध्ये ठेवताना ती म्हणाली, "माझी दोन तिथं आहेत अजून." गर्भ पुल्लिंगी, भ्रूण पुल्लिंगी, एम्ब्रियोही आपण पुल्लिंगीच चालवतो. त्यांतलं काही मनात असतं तर ती "माझे दोन" म्हणाली असती.