हस्तपत्रक वितरण (लघुव्यवसाय)

ठरावीक परिसरात घरोघरी छापील पत्रके पोचवून गिऱ्हाईक मिळवण्याची जाहिरातपद्धती. बोलीभाषेत अशा पत्रकाला ‘हँडबिल’ किंवा ‘पॅम्फ्लेट’ म्हणतात. नळकाम, वीजकाम, एसी व पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती, रंगकाम, पेस्ट कंट्रोल, पोळी-भाजी केंद्र, खाजगी शिकवण्या अशा व्यवसायांत ती महाराष्ट्रातील शहरांत रूढ आहे. या व्यावसायिकांचे गिऱ्हाईक दुचाकीवरून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर राहते. वृत्तपत्रातील जाहिरातीसाठी सबंध शहराच्या आवृत्तीचे पैसे मोजावे लागतात. पत्रकात मात्र आपल्याला हवी तेवढीच पेठ, वॉर्ड वा सोसायट्या निवडता येतात. या पद्धतीचे बळ या निवडीत आहे.

पूर्वपीठिका : छपाईपूर्वी गावात वार्ता पोचवण्याचे काम दवंडी करी. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्यानंतर देशी छापखाने वाढत गेले, तशी किरकोळ छपाईची कामेही वाढली. पुढे नाटक मंडळ्या, सर्कशी आणि तंबूतले सिनेमे यांची हँडबिले टांग्यातून वाटली जात. खिळ्यांच्या छपाईच्या काळात तालुक्याच्या गावचा लहान छापखाना लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हँडबिले यांवरच चाले. १९९० च्या सुमारास संगणकावरील अक्षरजुळणी आणि ऑफसेट छपाई सर्वत्र पोचल्यावर रंगीत पत्रक छोट्या कारागिराच्याही आवाक्यात आले.

आकार व कागद : जुन्या छापखान्यांत १८ × २३ इंची डेमी कागदाचे आठ भाग करून १/८ डेमी पत्रक काढण्याची पद्धत होती, ५०० ताव असलेल्या एका रिमातून अशी ४,००० पत्रके निघतात. हल्ली ए५ (१४८ × २१० मिमी) हा आकार सर्वाधिक चालतो. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावरची अशी हजार पत्रके सुमारे २.२ किलो भरतात, म्हणजे ती वाटणाऱ्या वृत्तपत्र विक्रेत्याला सहज वाहून नेता येतात. अगदी पातळ कागद वृत्तपत्राच्या घडीत चुरगळतो, तर जाड गुळगुळीत आर्ट पेपर घडीतून निसटतो आणि खर्चही वाढवतो. ऑफसेटमध्ये प्लेट बनवण्याचा व यंत्र लावण्याचा खर्च ठरलेला असल्याने हजार पत्रकांऐवजी चार-पाच हजार काढल्यास प्रत्येकी खर्च बराच उतरतो. या मोहापायी गरजेपेक्षा जास्त छपाई होते आणि गठ्ठे दुकानात पडून राहतात.

वितरणाच्या पद्धती : महाराष्ट्रात मुख्य मार्ग वृत्तपत्राचा आहे. पहाटे वृत्तपत्रांचे गठ्ठे ठरलेल्या चौकात किंवा डेपोवर उतरतात. तेथे विक्रेते आणि पेपर टाकणारी मुले मुख्य अंकात पुरवण्या घालतात. आदल्या दिवशी पोचवलेली पत्रके त्याच वेळी आत सरकवली जातात. दर शेकडा किंवा हजारी ठरतो आणि तो सहसा विक्रेत्याचे उत्पन्न असतो. वृत्तपत्राच्या कंपनीचा या व्यवहाराशी संबंध नसतो. प्रत्येक विक्रेत्याची ‘लाइन’ म्हणजे घरांची ठरलेली साखळी असते. त्यामुळे कोणत्या इमारतींत किती अंक जातात, हे त्याच्याकडून आधी समजून घेऊन तेवढीच पत्रके देता येतात. रविवारी घरात वाचनाला निवांतपणा असतो, पण त्याच दिवशी एका अंकात पाच-सहा पत्रके येतात. म्हणून कित्येक अनुभवी व्यावसायिक मधला वार निवडतात. पत्रके खरोखर पडली का, हे पाहण्याचा साधा उपाय म्हणजे त्या लाइनवरच्या दोन-तीन ओळखीच्या घरी सकाळी विचारणे.

दुसरा मार्ग माणसे लावून दारोदार वाटण्याचा. चाळी, बैठी घरे, रो-हाउस येथे तो चालतो. फाटकावर सुरक्षारक्षक असलेल्या संकुलात परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही. तेथे सोसायटीच्या कार्यालयाशी बोलून सूचनाफलकावर पत्रक लावता येते. किराणा दुकान, दवाखाना, पिठाची गिरणी अशा ठिकाणी गठ्ठा ठेवणे हाही मार्ग आहे. सिग्नलवर किंवा स्टेशनबाहेर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती दिलेले पत्रक मात्र स्थानिक कारागिराला फारसे उपयोगी पडत नाही, कारण घेणारा त्या भागातला असेलच असे नाही.

मजकूर : पत्रक हातात राहते ते काही क्षण. तेवढ्या वेळात काम कोणते, कोणत्या भागात आणि फोन कोणता, या तीन गोष्टी कळायला हव्यात. दुकानाचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत आणि काम तळाशी बारीक, ही सर्रास आढळणारी चूक आहे. ‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ यापेक्षा ‘नळगळती, गीझर बसवणे, टाकी सफाई’ अशी नेमकी यादी अधिक उपयोगी ठरते. तपासणीचे शुल्क, कामाच्या वेळा, रविवारी सेवा आहे की नाही आणि व्हॉट्सअॅप क्रमांक हा तपशील विश्वास वाढवतो. जवळची ओळखीची खूण दिली, उदाहरणार्थ अमुक मंदिरासमोर किंवा तमुक शाळेमागे, की माणूस आपल्याच भागातला आहे हे पटते. छापायला सोडण्यापूर्वी फोन क्रमांक दुसऱ्या कोणाकडून वाचून घेण्याची खबरदारी आवश्यक आहे.

हंगाम आणि पुनरावृत्ती : मार्च-एप्रिलमध्ये एसी व कूलर, मे महिन्यात छताची गळती रोखण्याची कामे, मे-जूनमध्ये शिकवण्या, गणपतीपूर्वी मोदक व प्रसादाच्या ऑर्डरी, नवरात्रानंतर घरसफाई, रंगकाम आणि फराळ असा पत्रकांचा वार्षिक क्रम दिसतो. मात्र नळ गळायला लागण्याचा हंगाम नसतो. पत्रक पडले त्या दिवशी ज्याचा नळ गळतो तोच फोन करतो. बाकीची घरे ते रद्दीत टाकतात. म्हणून दुरुस्तीच्या व्यवसायात दहा हजार घरांत एकदा पत्रक टाकण्यापेक्षा त्याच अडीच हजार घरांत वर्षातून चारदा टाकणे हिताचे ठरते. खर्च साधारण तेवढाच येतो, पण नाव ओळखीचे होते आणि फेऱ्या जवळच्या जवळ राहतात.

हिशेब : समजा, छपाई व वाटप मिळून एका पत्रकाला दीड रुपया लागला आणि ४,००० पत्रके टाकली, तर खर्च ६,००० रुपये. त्यातून १२ फोन आले आणि ५ कामे मिळाली, तर एका गिऱ्हाइकामागे १,२०० रुपये पडले. एका कामात सुटणारी रक्कम ४०० रुपये असेल, तर हा सौदा तोट्याचा दिसतो. तेच घर वर्षाकाठी चारदा बोलावणार असेल, किंवा त्यातून एक न्हाणीघर नव्याने बांधण्याचे काम निघणार असेल, तर तो फायद्याचा आहे. हे कळण्यासाठी प्रत्येक फोनवर ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ असे विचारून वहीत नोंद ठेवावी लागते. भागानुसार पत्रकाच्या कोपऱ्यात वेगळे अक्षर छापणे, किंवा पत्रक दाखवल्यास सवलत देणे, हे त्याचेच सोपे प्रकार आहेत.

कायदा : १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते, जुन्या हँडबिलांच्या तळाशी छापखान्याचे नाव दिसते ते त्यामुळे. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नियतकालिकांच्या नोंदणीपुरत्या नव्या कायद्याने घेतली. निवडणूक पत्रकांवर मात्र मुद्रक व प्रकाशक यांची नावे-पत्ते छापण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२७-अ नुसार कायम आहे. काही विशिष्ट रोगांवर हमखास इलाजाचा दावा करणाऱ्या पत्रकांना १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा लागू होतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येतात. पत्रके भिंतींवर चिकटवल्यास महाराष्ट्राच्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली (१९९५) कारवाई होऊ शकते.

इतर देश : ब्रिटनमध्ये बहुतेक घरांच्या दाराला पत्रे टाकण्याची फट असते. त्यामुळे तेथे कारागीर स्वतः किंवा वाटप कंपन्यांमार्फत पत्रके थेट घरात टाकतात. रॉयल मेल ही टपाल कंपनीही नाव-पत्ता नसलेली पत्रके पोचवते. अमेरिकेत टपालपेटीत तिकीट न लावलेला कागद टाकणे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. तेथील टपालखात्याने २०११ पासून एका मार्गावरच्या सर्व घरांना पत्रक पोचवण्याची स्वतंत्र योजना चालवली आहे. ॲमस्टरडॅममध्ये २०१८ पासून पत्रके हवी असल्याची पट्टी दारावर लावलेल्या घरांतच ती टाकता येतात. तिकडे कागदाची नासाडी हा आक्षेपाचा मुख्य मुद्दा आहे.

सद्यःस्थिती : करोना साथीत एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने घरोघरी वृत्तपत्रे टाकण्यास मनाई केली. ती पुढे टप्प्याटप्प्याने उठली, पण या काळात अनेक घरांचा छापील अंक सुटला आणि वृत्तपत्राच्या लाइनवर विसंबलेली पत्रकेही तितक्या घरांपासून दूर झाली. तरुण भाडेकरूंची संकुले आता सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावरून कारागीर शोधतात. जुन्या वस्त्या, ज्येष्ठ नागरिकांची घरे आणि सकाळचा अंक टिकून असलेली शहरे येथे पत्रकाला अजून उत्तर मिळते. त्यामुळे आज छपाईची ऑर्डर देण्याआधी त्या भागात किती घरांत अंक पडतो, ही चौकशी सर्वप्रथम करावी लागते.