कोल्हापूरची तालीम आणि पेठेतील तरुण
राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कोल्हापुरातील कुस्तीला राजाश्रय मिळाला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, हे सर्वश्रुत असले तरी पेठापेठांतील तालमी रोजच्या रोज चालल्या त्या तेथील पोरांच्या श्रमांवर, ही बाब अधिक मोलाची आहे. हौद्यातील, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातील, लाल माती खोऱ्याने उकरून तिच्यात ताक, तेल, हळद व लिंबाचा रस कालवण्याचे काम वस्तादाच्या, म्हणजे शिकवणाऱ्या जाणत्या मल्लाच्या, नजरेखाली ती स्वतःच करीत. पुढे तरुणांची आवड पालटली, तसे तालमींनीही रूप पालटले आणि पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या नावांनी फुटबॉल संघ मैदानात उतरू लागले.